सुट्टीतला गाव

मराठी ललित गद्याचा एक मोठा भाग सुट्टीत घडतो, ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. ग्रामीण साहित्य, निसर्गलेखन, प्रवासवर्णन, आठवणी असे कप्पे आपण केले. प्रत्येक कप्प्यावर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. पण या सगळ्या कप्प्यांतून एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. लेखक त्या माळावर, त्या आमराईत, त्या ओढ्याच्या काठी उभा आहे तो कामावर आहे की रजेवर? आणि तो रजेवर असेल, तर त्याच्या आजूबाजूची माणसे त्या वेळी काय करीत आहेत?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण तसा तो नाही. शिक्षकाचा पेशा हा सुट्ट्यांचा पेशा. वर्षाची आखणीच मुळी दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी या दोन खुंट्यांवर टांगलेली असते. त्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष जावे, यात नवल नाही. मराठीतले कितीतरी नामवंत लेखकही याच पेशातले होते. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात आपल्या शेजारच्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. उन्हाळ्यात दीड-दोन महिने मोकळे मिळणे ही चीज त्या काळी शाळा-कॉलेजांना आणि कोर्ट-कचेऱ्यांना ठाऊक होती, बाकी कुणाला नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची एक सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनंतर. शेतकऱ्याला तीही कुणी दिली नाही. आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत, कारण तो बसवण्णाचा वार. अमावास्येलाही औत धरत नाहीत. म्हणजे कुळवाड्याच्या घरी खरी सुट्टी असते ती बैलाला; माणसाला मिळते ती त्याच्या आडोशाने. 'सुट्टी' या शब्दाचे 'सुटणे' या क्रियापदाशी जे नाते आहे ते शिवारात अजून जिवंत आहे. तिथे औत सुटते, मोट सुटते, दावे सुटते. माणूस सुटला असे सहसा कुणी म्हणत नाही. म्हटलेच तर ते मेल्यावर.

लघुनिबंध हा वाङ्मयप्रकार मला नेहमी या दीर्घ सुट्टीचे अपत्य वाटत आला आहे. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' काय किंवा अनंत काणेकरांची 'पिकली पाने' काय, त्यांचा सारा तोल निवांतपणावर आहे. आरामखुर्ची, चहाचा पेला, पायवाटेवरची रपेट, आणि मग एखाद्या क्षुल्लक वस्तूवरून सुचलेला विचार. हे लेखन टाकाऊ मुळीच नाही. मराठी गद्याला सैलपणा शिकवला तो त्याने. परंतु त्यातला निसर्ग हा पाहुण्याला दाखवायच्या दिवाणखान्यासारखा आहे. झाडलोट कुणी केली ते दिसत नाही. खांडेकरांचे थोडे वेगळे आहे. शिरोड्यात ते पाहुणे म्हणून नव्हते, अठरा वर्षे राहिले होते. म्हणून त्यांच्या कोकणात दारिद्र्य आहे, रोगराई आहे, शाळेच्या इमारतीची चिंता आहे. तरीही लघुनिबंध लिहायला बसले की तेही खुर्ची खिडकीकडे वळवून घेतात, आणि खिडकीतून जेवढे सुबक दिसते तेवढेच लिहितात. इथे दोष लेखकाचा कमी आणि त्या प्रकाराचा जास्त, असे मला वाटते.

मोकळ्या हवेतला खेळ आणि शिस्त यांची सांगड घालणारे एक प्रकरण 'श्यामची आई'मध्ये आहे. ते आपण सगळ्यांनी वाचलेले आहे आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी लक्षात ठेवलेले आहे. श्याम पोहायला घाबरतो. पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरलेल्या, गावची पोरे उड्या मारताहेत, आणि हा लपून बसतो. आई त्याला शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. वर्गात आपण यातून मातेच्या कठोर प्रेमाचा धडा काढतो. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले, हे ध्यानात घेऊन ते प्रकरण पुन्हा वाचावे. बंद कोठडीतला माणूस तुडुंब भरलेली विहीर आठवतो आहे. त्या पाण्याचा गारवा, त्या पोरांचा कल्ला, बुडण्याची भीती आणि मग तरंगण्याचा आनंद हे सारे त्याने जपून ठेवले आहे. आणखी एक. ते पोहणे ही करमणूक नव्हे. कोकणातल्या मुलाला पोहता यायलाच हवे, कारण चार महिने पाणी दारात असते. आज उन्हाळी शिबिराच्या जाहिरातीत 'साहसी खेळ' म्हणून जे छापतात ते त्या पोरांच्या जगण्याचाच भाग होते. गुरुजींच्या लेखनावर भाबडेपणाचा आरोप होतो. या प्रकरणात मला तो कुठे दिसत नाही.

पण माझ्या मते हा सगळा विषय स्वच्छ उलगडतो तो आपल्याच भागातल्या दोन मुलांच्या पुस्तकांत. एक प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि दुसरा आनंद यादवांच्या 'झोंबी'तला आनंदा. यादव १९३५ साली कागलला जन्मले, संत १९३७ साली बेळगावात. दोन गावांत शंभर किलोमीटरदेखील अंतर नाही. तोच काळ, जवळजवळ तेच ऊन, तोच वळवाचा पाऊस, दोघांच्याही बोलीला कानडीचा शेजार. 'झोंबी' आली १९८७ साली आणि 'वनवास' १९९४ साली. दोन्ही पुस्तके सीमाभागातल्या वाचकाला आपल्या अंगणातली वाटतात. त्यांना एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग मात्र आपल्याकडे फारसा झाला नाही.

लंपन आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. शाळा आहे, सुमी आहे, दोस्त आहेत, आणि दिवसभर पुरून उरेल एवढे गावाबाहेरचे रान आहे. झाडे, वाटा, आवाज, वास हे त्याच्या अंगात शिरतात, आणि तो ते आपल्या त्या अफाट मोजमापांनी सांगत सुटतो. वरवर पाहता ही सुट्टीचीच कहाणी. कुणी त्याला राबायला लावत नाही; पोटाला आजी आहे. म्हणून काही वाचक या कथांना गोड म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. संतांनी पुस्तकाला नाव दिले आहे 'वनवास', आणि या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत: रानात राहणे आणि घरातून घालवले जाणे. लंपन भटकतो तेव्हा तो मोकळा असतो हे खरे, पण ती मोकळीक आईपासून दूर ठेवल्यामुळे वाट्याला आलेली आहे. त्याच्या प्रत्येक भटकंतीच्या तळाशी पोटात खड्डा पडल्यासारखे काहीतरी असते, आणि ते संत कधी उघडून सांगत नाहीत. मुलगा झाडाकडे पाहत राहतो, आपण मुलाकडे पाहत राहतो. संत पेशाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. वरचा थर न खणता खाली काय आहे ते ओळखण्याची सवय कथेतही उतरली असावी, असे आपले मला वाटते.

आता आनंदा. याच्याही वाट्याला रान आहे, किंबहुना रानाशिवाय दुसरे काही नाहीच. पण ते रान त्याच्या मानेवर बसलेले आहे. पाणी पाजायचे, जनावरे राखायची, शेण भरायचे. शाळा ही त्याला चोरून घ्यावी लागणारी गोष्ट आहे. बापाने शाळा बंद केल्यावर मायलेक दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणे घेऊन जातात आणि देसाई बापाला दमात घेतात, तो प्रसंग आठवा. बाप कबूल होतो, पण अटी घालतो. सकाळी अकरापर्यंत रानात काम, मग शाळा. शाळा सुटली की दप्तर ठेवून पुन्हा रानात, तासभर जनावरे चारायला. कामाची घाई असेल त्या दिवशी शाळेला दांडी. हा करार मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा हजेरीपटाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मुख्याध्यापकाच्या लेखी गैरहजर मुलगा म्हणजे उनाड, कुठेतरी हुंदडत असणारा. आनंदा गैरहजर असतो तेव्हा तो सर्वांत जास्त कामात असतो. लंपनसाठी शाळेबाहेरचे जग ही मौज आहे, आनंदासाठी शाळा हीच मौज, हीच काय ती विश्रांती.

'झोंबी' एवढ्यावरच थांबली असती तर ती हलाखीची कैफियत झाली असती. यादव पुढे एक गोष्ट सांगतात, आणि माझ्या दृष्टीने त्या पुस्तकाचे मोल तिथे आहे. मराठी शिकवायला सौंदलगेकर मास्तर येतात. ते कविता चालीवर, हावभाव करून, जीव ओतून शिकवतात. त्यांच्या दारावरच्या मालतीच्या वेलावर त्यांनी स्वतः कविता केलेली असते. मुलाने तो वेल पाहिलेला असतो, आणि कविता करणारा हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो हे त्याला उमगते. मग रानात एकट्याने पाणी पाजताना तो त्या कविता मोठ्याने म्हणू लागतो, नाचतोदेखील. आधी रानातला एकटेपणा खायला उठायचा, आता तो हवाहवासा वाटू लागतो. जनावरे राखताना कागद हाताशी नसला तर तो म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी ओढतो, दगडावर लिहितो.

काम तेच, रान तेच, बापही तोच. कुणी त्याला सुट्टी दिलेली नाही. त्याने ती कामाच्या पोटातून काढून घेतली आहे. मराठीतल्या निवांतपणावरच्या साऱ्या लघुनिबंधांत मला या म्हशीच्या पाठीइतकी विस्तीर्ण जागा सापडलेली नाही. यादवांच्या पुढच्या लेखनाविषयी मतभेद झाले, काही वाद फार कडवट झाले. ते सगळे मान्य करूनही हे पान कुणाला पुसता येणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांकडे या विषयाची दोन टोके एकाच लेखकात सापडतात. 'बनगरवाडी' (१९५५) आपण दुष्काळाची कादंबरी म्हणून शिकवतो. तिच्या मध्यभागी एक तालीम आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. धनगरांच्या त्या वाडीत कोवळा मास्तर येतो, आणि माणसे अंगमेहनतीने तालमीची इमारत उभी करतात. औंधचे राजे तिच्या उद्घाटनाला येतात. ही त्या वाडीची स्वतःची, स्वतःच्या हाताने बांधलेली फुरसत होती. मेंढरामागे दिवसभर चालणाऱ्या पोरांनी संध्याकाळी अंगाला माती लावावी, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. नंतर पाऊस दगा देतो, माणसे मेंढरे घेऊन वाट फुटेल तिकडे निघून जातात आणि तालीम उभी राहते. रिकामी घरे पाहून वाईट वाटते ते वाटतेच. मला ती रिकामी तालीम जास्त लागते. घर गरजेपोटी बांधलेले असते. तालीम हौसेने बांधलेली होती.

हेच माडगूळकर उत्तरायुष्यात 'नागझिरा' लिहितात तेव्हा ते उघडउघड सुट्टीवर असतात. विदर्भातल्या त्या जंगलात जाऊन ते राहिले, वाटा तुडवल्या, टिपणे केली, रेखाटने केली. आधी ते शिकारी होते. इथे हातात वही आहे. हे शहरी माणसाचे रानात जाणे आहे, आणि लेखक ते लपवत नाही. तरीही 'नागझिरा' सुट्टीच्या कौतुकात बुडत नाही, कारण माडगूळकरांची नजर कारागिराची आहे. पाऊलखूण कोणाची, किती वेळापूर्वीची, वारा कुठून वाहतो आहे, हे त्यांना कळून घ्यायचे असते. विश्रांतीलाही त्यांनी काम लावून दिले आहे. पुढे 'सत्तांतर' (१९८२) ही वानरांच्या टोळीवरची कादंबरी आली, तीही याच पाहण्याच्या शिस्तीतून. जाता जाता आपल्या भागापुरती एक गंमत सांगतो. नर वानर टोळीचा ताबा घेतल्यावर आधीची पिल्ले मारून टाकतो, हे सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात नोंदवले ते आपल्या धारवाडजवळच्या रानात. आमचे लोक त्या वाटेने वर्षानुवर्षे मोटारीने जात होते. वानराला फुटाणे टाकण्यापलीकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

गो. नी. दांडेकरांबद्दल मात्र माझे मन थोडे साशंक आहे. त्यांनी मराठी तरुणाला गडावर नेले, हे ऋण मोठे आहे. आज पावसाळ्यात राजहंसगडापासून राजगडापर्यंत पाठीवर पिशवी टाकून जी पोरे चढताना दिसतात, ती त्यांचीच नातवंडे म्हणायला हरकत नाही. त्यांची भाषा चालणाऱ्याची आहे, तिला धाप लागते, तिला तहान लागते. पण 'माचीवरला बुधा'मध्ये म्हातारा शहर सोडून राजमाचीवर परततो आणि झाडापाखरांत रमतो, तेव्हा त्या रमण्यात बुधाचा वाटा किती आणि दांडेकरांचा किती, हा प्रश्न मला दर वाचनात पडतो. ठाकराच्या पोटाला डोंगरावर काय मिळते, हे लेखकाला ठाऊक आहे. तरी त्याचा जीव त्या माचीवर इतका जडला आहे की बुधाची उपासमारही त्याला सुंदर दिसते. कादंबरी उत्तम आहे. ती वाचून डोंगरावर राहायला जावेसे वाटते, हे तिचे यश, आणि माझी तक्रारही तीच.

या तक्रारीची दुसरी बाजू लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) मिळते. उघड्यावरचा मुक्काम, तीन दगडांची चूल, डोक्यावर चांदणे, सकाळी सामान आवरून पुढचे गाव. शब्द एवढेच ठेवले तर हे कुठल्याही निसर्गशिबिराचे वर्णन वाटेल. पण इथे गाढवांवर लादलेले बिऱ्हाड आहे, फोकाच्या पाट्या विणून विकायच्या आहेत, आणि गावाबाहेरची ती जागा निवडलेली नसून गावाने तिथवरच येऊ दिलेले आहे. एकाच कृतीला आपण पैसे मोजतो तेव्हा ती सहल असते, आणि दुसऱ्याच्या नशिबी येते तेव्हा ती भटकी जात असते. इरावती कर्व्यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल'मध्ये पंढरीच्या वाटेवर हेच वेगळ्या रीतीने पाहिले होते. दिंडीत त्या चालल्या, ओव्या-अभंगांत रमल्या. पण बरोबर चालणारी माणसे जेवायला बसताना जातीजातीने वेगळी होतात, हे त्यांनी नजरेआड केले नाही. चालण्याचा आनंद आणि त्याला लागलेला हा काच दोन्ही त्यांनी एकाच लेखात ठेवले. समाजशास्त्राच्या पंडिताने लिहिलेला हा लेख अनेक ललितलेखकांनी गिरवावा असा आहे.

काका कालेलकर आपले, म्हणजे अगदी बेळगुंदीचे. मातृभाषा मराठी, लेखन मुख्यतः गुजरातीत, त्यामुळे आपण त्यांना जरा परक्यात टाकले. नद्यांवर त्यांनी जे लिहिले त्यात गंगा-यमुना आहेत, कृष्णा आहे, गिरसप्प्याचा धबधबा आहे, आणि या मांदियाळीत मार्कंडी नावाची आमची एक लहानशी नदीही आहे. तिला त्यांनी सखी म्हटले आहे. बेळगावकराला हसू येईल, कारण उन्हाळ्यात ती ओलांडताना चपला काढाव्या लागत नाहीत. पण नदीची थोरवी लांबीरुंदीवर नसते, तिच्याशी आपला किती घरोबा आहे त्यावर असते, हे त्या लेखाने मला शिकवले. कालेलकरांचे 'ओतराती दीवालो' हे छोटे गुजराती पुस्तक तर या विषयातले शेवटचे टोक. साबरमतीच्या तुरुंगात असताना भिंतीच्या आत दिसणारी पाखरे, किडामुंगी, झाडे हेच त्यांचे निसर्गदर्शन. ना सुट्टी, ना गाव, ना डोंगर. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'तही (१९५६) हीच जात आहे. बाई कुठे हवापालटाला गेलेल्या नाहीत. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ जसे येतात तसे त्यांच्याकडेच येतात. निसर्ग पाहायला रजेचा अर्ज लागत नाही, हे मराठीत या दोघांइतके स्वच्छ कुणी दाखवलेले नाही.

मग आता हा विषय काढायचे कारण काय? कारण सुट्टीतला गाव आता पुस्तकातून बाहेर पडून बाजारात आला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. आमच्या खानापूर-जांबोटी-चोर्ला पट्ट्यातही निवासाच्या जागा उभ्या राहिल्या आहेत. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर त्याला नाक मुरडणारा मी कोण? नाचणी पिकवून जे मिळत नाही ते नाचणीची भाकरी ताटात वाढून मिळत असेल, तर ते त्याने अवश्य मिळवावे. माझा आक्षेप भाषेवर आहे. या ठिकाणांची माहितीपत्रके मी आवडीने वाचतो. 'मातीशी नाते', 'हरवलेले बालपण', 'चुलीवरचे अस्सल जेवण', 'बैलगाडीची रपेट' हा सगळा शब्दसाठा त्यांनी कुठून उचलला, ते मराठीच्या शिक्षकाला चटकन ओळखू येते. तो आपल्या लघुनिबंधातून, आठवणींच्या लेखांतून, पाठ्यपुस्तकातल्या धड्यांतून आलेला आहे. साहित्याने साठ-सत्तर वर्षे सुट्टीतल्या पाहुण्याच्या डोळ्यांनी गाव रंगवला आणि जाहिरातवाल्याला तो तयार मिळाला. चुलीचा धूर ज्या बाईच्या डोळ्यांत जातो तिला त्या पत्रकात कुठेच जागा नाही, कारण मूळ लेखांतही ती नव्हती.

याचा सर्वांत वाईट परिणाम मला दिसतो तो मुलांच्या वह्यांत. 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली' हा निबंध शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खेड्यातली मुले, ज्यांचे घरच शिवारात आहे, तीही लिहितात की आम्ही मामाच्या गावाला गेलो, आमराईत हिंडलो, झऱ्याचे गोड पाणी प्यालो, आणि शहराच्या गजबजाटापासून दूर मनाला शांती लाभली. कुठले शहर? कुठला गजबजाट? मार्गदर्शकांतला निबंध शहरातल्या मुलाचा असतो, आणि गावातले मूल तो पाठ करून स्वतःच्याच गावी पाहुणे होते. एकदा नववीच्या एका मुलाने मात्र वेगळे लिहिले. सुट्टीत तो वडिलांबरोबर वीटभट्टीवर होता. दुपारच्या जेवणानंतर सगळे मजूर चिंचेखाली अर्धा घटका आडवे होत. त्या सावलीत भट्टीची धग लागत नसे, आणि पानांतून ऊन कसे हलते ते तो पाहत पडे. भाषा अशुद्ध होती, परिच्छेद पाडलेले नव्हते. वर्गशिक्षकांनी तो मला दाखवला, आणि प्रार्थनेनंतर तो सगळ्या शाळेला वाचून दाखवायची व्यवस्था मी केली. पुढच्या चाचणीत तीन-चार मुलांनी आपापले खरे लिहिले. बाकीच्यांची आमराई तशीच राहिली. मार्गदर्शक स्वस्त असतो आणि त्यात गुणांची हमी असते.

ग्रामीण साहित्याच्या चळवळीने पाहुण्याचा गाव मोडून काढला, हे तिचे श्रेय आहे. पण तो मोडताना तिने गावाची स्वतःची मौजही बरीचशी टाकून दिली. दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी, सोसायटीचे राजकारण हे सगळे आले, यायलाच हवे होते. मात्र कष्टकऱ्याची सुट्टी, त्याची सहल, त्याचे उघड्यावरचे जेवण यांना कुणी गंभीर विषय मानले नाही. बेळगाव परिसरातून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांचे उदाहरण घ्या. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगूरमाळा, गाडीला बांबूचे कमान घातलेले छत, आत म्हातारी-कोतारी आणि पोरे, बरोबर पिठाचे डबे, भांडी, सरपण. वाटेत मुक्काम, नदीला आंघोळ, रात्री गाणी. डोंगरावर पोचल्यावर उघड्या रानात चुली मांडायच्या, परड्या भरायच्या, नात्यागोत्यातल्या माणसांना पंगतीला बसवायचे. आता गाड्या कमी झाल्या, टेंपो आणि ट्रॅक्टर आले. पण चुली अजून पेटतात. आमच्या भागातल्या शेतकरी कुटुंबाची वर्षातली हीच एक सहल, हाच मुक्काम, हीच मोकळी हवा.

या यात्रेतले दुःख मराठीत आले आहे, आणि जोरकसपणे आले आहे. राजन गवसांनी 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांत देवीला वाहिलेल्या बायकांची आणि जोगत्यांची जी होरपळ मांडली तिच्यापुढे बाकीचे सगळे फिके वाटते. तिथे मौजेची भाषा करणे हा अपराध ठरेल. रणजित देसायांनीही 'बारी'त (१९५९) सुतगट्टीच्या घाटातल्या बेरडांची परवड लिहिली. प्रवासी ज्या घाटातून झाडी पाहत निघून जातात त्याच घाटात माणसे कशी जगतात ते त्यांनी दाखवले. हे लेखन झालेच पाहिजे होते. परंतु त्याच डोंगरावर, त्याच पौर्णिमेला, कुठल्याशा झाडाखाली एक बाई भाकऱ्या थापता थापता जावेशी खिदळत असते. वर्षभरात त्या दोघींना घराबाहेर, सासऱ्याच्या नजरेबाहेर बसायला मिळालेली ही पहिलीच दुपार असते. नवरा बैलांना पाणी दाखवून गाडीच्या सावलीत घोंगडे पसरून पडलेला असतो. पोरे उसाच्या कांड्या चघळत इतर गाड्यांच्या बैलांची आपल्या बैलांशी तुलना करीत हिंडत असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपायची असते, आणि घरी हरभऱ्याला राखण हवी म्हणून म्हातारा मागे ठेवलेला असतो.

या दुपारीची कादंबरी मी शोधतो आहे. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी मोटारींच्या गॅरेजातली आणि पिठाच्या गिरणीवरची माणसे ज्या सहजपणे लिहिली, त्याच सहजपणे लिहिलेली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना घरी न्यायला पुस्तके काढून ठेवतात, त्या टेबलावर 'झोंबी' आणि 'वनवास' मी शेजारी शेजारी ठेवायला सांगतो. 'वनवास' आधी उचलला जातो. तो पातळ आहे म्हणून, असे ग्रंथपालांचे म्हणणे आहे.